‘डाउनच्या मुलांचं पोट असंच असते’ म्हणून सोडून देऊ नका

मागच्या अंकात गव्हातल्या ग्लुटेनवर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्याची अर्धी पत्रं डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या घरून आली. बहुतेक नागपुरातली, दोन-तीन वर्धा-भंडाऱ्याकडची. सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं देण्यापेक्षा हा अख्खा कॉलम त्यालाच, म्हणजे या मुलांना आणि ग्लुटेनमुळे आतडं बिघडवणाऱ्या सिलिअ‍ॅक या आजाराला, देऊन टाकते. नावं कोणाचीच छापत नाही, आणि मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्या-औषधांचं जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवून विचारायसाठी लिहिलंय, घरीच ठरवायसाठी नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम आहे. तान्हा असताना हार्टचं ऑपरेशन झालं, ते आता एकदम ठीक आहे. पण बऱ्याच दिवसांपासून पोट फुगलेलं दिसते, हातपाय बारीक, संडास तीन-तीन चार-चार दिवस होत नाही. हिमोग्लोबिन आठच्या वर जातच नाही, आयर्नचं सिरप देऊन देऊन थकली मी. थायरॉइडची गोळी पण वाढवत वाढवत नेली. चिडचिड करून राहिला, शाळेतून आला की दप्तर टाकून नुसता झोपतो. एका डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले डाउनच्या मुलांचं पोट असंच असते. आता नणंद म्हणते सिलिअ‍ॅक तपासून घ्या. पण त्यात तर जुलाब होतात ना? याचं तर उलटं आहे. — एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, आधी तुमच्या नणंदेला माझा नमस्कार सांगा, तिने बरोबर जागी बोट ठेवलंय.

सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नाही. गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रोटीन असतं, ते पोटात गेलं की या लोकांची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सगळं तिथून शोषलं जातं, ते हळूहळू सपाट होत जातात. मग पोरगं दिवसभर खातंय आणि अंगी काहीच लागत नाही, असं होतं. लोह तर आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि मार नेमका तिथेच जास्त बसतो, म्हणून सिरपच्या बाटल्यांवर बाटल्या जातात पण हिमोग्लोबिन जागचं हलत नाही.

आता जुलाबांचं. पुस्तकातलं चित्र तेच आहे हो, पातळ संडास, वजन घटलेलं, मोठं पोट. पण प्रत्यक्षात कितीतरी मुलांना बद्धकोष्ठता असते. कोणाला फक्त अ‍ॅनिमिया असतो, कोणाची उंची थांबते, कोणाच्या तोंडात सारखे छाले येतात, कोणाच्या पक्क्या दातांवर डाग-खड्डे दिसतात, आणि कोणी नुसतंच चिडचिडं होतं. डाउन असलेल्या मुलांमधे घोळ असा आहे की यातली प्रत्येक गोष्ट डाउनच्या नावावर टाकता येते. बद्धकोष्ठता का, तर स्नायू सैल असतात ना. उंची का कमी, डाउन आहे ना. थकतो का, थायरॉइड आहे ना. चिडतो का, बोलता येत नाही म्हणून. एकेक कारण ऐकायला पटतं आणि त्यातच वर्षं निघून जातात. कारण खोटं असतं असंही नाही, पण चार-पाच तक्रारी एकाच मुलात एकाच वेळी जमा झाल्या की वेगळं काही शोधायला पाहिजे.

आणि हा काही लाखात एकाचा आजार नाही. साधारण लोकसंख्येत शंभरात एकाच्या आसपास सिलिअ‍ॅक सापडतो. डाउन सिंड्रोम असलेल्यांमधे जगभरातले अभ्यास एकत्र केले तर शंभरात सहाच्या जवळपास येतो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. डाउनमधे २१ नंबरच्या क्रोमोझोमची एक कॉपी जास्तीची असते आणि रोगप्रतिकारशक्तीशी संबंध असलेली बरीच जनुकं त्याच क्रोमोझोमवर आहेत, म्हणून थायरॉइड, टाइप १ डायबिटीस, सिलिअ‍ॅक ही सगळी मंडळी या मुलांच्या घरी जरा जास्त येतात.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी माझ्या डोळ्यात भरल्या. एक, थायरॉइडचा डोस. मूल वाढतं तसा डोस वाढतो, त्यात नवल नाही. पण वजन फारसं वाढत नसताना गोळी वाढवावी लागते आहे, तर गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाहीये का हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि खरं सांगा, सकाळी घाईघाईत थायरॉइडची गोळी आणि आयर्नचं सिरप मागोमाग देता का? बऱ्याच घरी देतात. लोह आणि कॅल्शियम दोन्ही ती गोळी अडवतात. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत, खाणं अर्धा-पाऊण तासाने, आणि आयर्न-कॅल्शियम निदान चार तासांनी. हे आजपासून करा, सिलिअ‍ॅक निघो न निघो.

दुसरी गोष्ट अ‍ॅनिमियाची. लोह कमी असलं की लाल पेशी लहान होतात आणि रिपोर्टमधे एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) खाली जातो, डॉक्टर त्यावरूनच ओळखतात. पण डाउनच्या मुलांच्या लाल पेशी मुळातच जरा मोठ्या असतात, त्यामुळे लोह कमी असूनही एमसीव्ही नॉर्मल छापून येऊ शकतो. म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरात लोह किती साठलंय ते दाखवणारी टेस्ट, करायला सांगा.

तपासणी म्हणाल तर रक्ताची, टीटीजी आयजीए (या आजारात वाढणारी अँटीबॉडी), आणि त्याच वेळी टोटल आयजीए. दुसरी नाही केली तर पहिलीचा भरवसा नाही, कारण काहींच्या शरीरात आयजीए या प्रकारच्या अँटीबॉडीच मुळात कमी बनतात आणि मग टीटीजी खोटं निगेटिव्ह येतं. लॅबवाल्याने जुनी अँटी-ग्लायडिन टेस्ट सुचवली तर नको म्हणा, डाउनच्या मुलांमधे ती आजार नसतानाही पॉझिटिव्ह येते. टीटीजी वाढलेलं आलं तर पुढे एंडोस्कोपीने लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घेऊन बघतात. मुलांमधे टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेपेक्षा दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी अँटीबॉडी पण पॉझिटिव्ह असेल तर बायोप्सी न करताही निदान करता येतं, असं युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ पासून मान्य केलंय. हे ठरवणं लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांचं काम, नागपूरच्या एम्स किंवा मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागात दाखवून तिथून पुढे जाता येईल.

अजून एक. वजन-उंचीची नोंद डाउनच्या मुलांसाठीच्या वेगळ्या चार्टवर करून घ्या, साध्या चार्टवर हा मुलगा नेहमीच खाली दिसणार. स्वतःच्याच रेषेवरून घसरतोय का, ते बघायचं असतं.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर मेसेज आला होता की डाउनच्या मुलांना गहू आणि दूध बंद केलं की बोलायला लागतात, हुशारी वाढते. आम्ही महिनाभरापासून पोळी बंद केली आहे. मुलगी पाच वर्षांची आहे, पोट साफ होऊन राहिलं, जरा शांत पण झाली. आता सिलिअ‍ॅकची टेस्ट करायची गरज आहे का? — प्रतापनगर

उत्तर : गरज आहे आणि तुम्ही ती अवघड करून ठेवलीय. रागावत नाही, पण हे सगळ्यांनीच वाचा : टेस्ट होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. ग्लुटेन थांबलं की रक्तातल्या अँटीबॉडी उतरायला लागतात आणि आतडं भरून यायला लागतं, मग टेस्ट निगेटिव्ह येते आणि आजार होता की नव्हता हे कोणालाच सांगता येत नाही. आता डॉक्टरांना स्पष्ट सांगा की महिन्यापासून बंद आहे. ते बहुतेक काही आठवडे रोज पोळी खायला लावून मग रक्त घेतील, किती आणि किती दिवस ते त्यांनाच ठरवू द्या.

तुम्ही म्हणाल, पोरीला बरं वाटतंय ना, मग कशाला टेस्ट? कारण ‘जमेल तसं गहू टाळतो’ आणि ‘सिलिअ‍ॅक आहे’ यात फार फरक आहे. सिलिअ‍ॅक असेल तर जन्मभर, लग्नात-मुंजीत-सणावारात, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. नसेल तर उगाच एवढं ओझं त्या मुलीवर आणि तुमच्यावर कशाला. पोळी बंद झाली म्हणजे बिस्किटं, टोस्ट, मॅगी पण बंद झाली असेल, भाजी-भात वाढला असेल, पोट तेवढ्यानेही साफ होतं.

हुशारीचं म्हणाल तर ज्याला सिलिअ‍ॅक नाही अशा डाउनच्या मुलाला गहू बंद करून बुद्धी वाढते याला पुरावा नाही. ज्याला आहे त्याची चिडचिड, थकवा, झोप बहुतेकदा सुधारते, आणि मग थेरपीत लक्ष लागतं म्हणून प्रगती पण दिसते, ती आजार बरा होत असल्याची असते. दूध मात्र कारण नसताना बंद करू नका हो. आतडं खराब असताना काही मुलांना दूध पचत नाही, पण ते बहुतेकदा तात्पुरतं असतं.

प्रश्न : आम्ही महालातले जुने लोक. आमच्या घराण्यात कोणाला हे गव्हाचं दुखणं ऐकलं नाही. हे पंजाब-हरियाणाकडचं आहे असं वाचलं. नातवाला (डाउन सिंड्रोम) टेस्टमधे निघालं, सूनबाई आता पूजेचा शिरासुद्धा देत नाही. चिमूटभर प्रसादाने काय होते? — एक आजोबा

उत्तर : आजोबा, तुमचं वाचन बरोबर आहे पण अर्धं. भारतभरच्या मोठ्या पाहणीत रक्ताच्या टेस्टवरून उत्तरेत शंभरात सव्वा, ईशान्येत एकाच्या थोडं खाली आणि दक्षिणेत हजारात एक असे आकडे आले, ते २०१६ साली छापून आलेत. त्यामागे गव्हाचं प्रमाण हे एक मोठं कारण मानतात. आणि आपलं विदर्भ मधेच बसलंय, नाही का? तुमच्या लहानपणी घरात रोजची भाकर होती की पोळी, तुम्हीच आठवा. पोळी पाहुण्यांसाठी आणि सणाला असायची. आता सकाळी पोळी, डब्यात पोळी, संध्याकाळी बिस्किट, रात्री परत पोळी. घराण्यात कोणाला नव्हतं की कोणाला कळलं नव्हतं, हे आता सांगणं कठीण आहे, कारण अशक्त राहून गेलेलं माणूस प्रत्येक घराण्यात एखादं असतंच.

गव्हाचा आणि या दुखण्याचा संबंध सुद्धा काही फार जुना माहीत झालेला नाही. विलेम डिके नावाचे हॉलंडचे लहान मुलांचे डॉक्टर होते, त्यांना शंका आधीपासून होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेना, आणि त्या दिवसांत सिलिअ‍ॅकची मुलं चक्क सुधारली. पाव परत आला तशी परत आजारी पडली. १९५० मधे त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी अशी मुलं दगावायची पण.

चिमूटभराचं उत्तर : होतं. तोंडावर काही दिसणार नाही, रडणार नाही, कदाचित पोटही दुखणार नाही, पण आतड्याची सूज चालू राहते. दर सणाला चिमूट, दर गुरुवारी चिमूट, असं वर्षभर चाललं की टीटीजी उतरतच नाही आणि मग डॉक्टर सूनबाईंना रागावतात. तुम्ही असं करा, प्रसादच बदला. शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करा, राजगिऱ्याचा करा, नाहीतर खोबऱ्याची वडी. देवाला रव्याचंच पाहिजे असा नियम मी तरी कुठे ऐकला नाही. महालक्ष्म्यांना तर तुमच्या नातवाचं नशीबच आहे, ज्वारीची आंबील त्याचीच, भात-वरण त्याचं, पुरण वाटीत काढून वर तूप घालून दिलं की पोळीची आठवण येत नाही. फक्त कणकेचे हात लागायच्या आधी त्याचं ताट काढून ठेवायचं, आणि तळणीत आधी करंज्या-पुऱ्या निघाल्या असतील तर त्याच तेलातले वडे नको. सूनबाईंची बाजू घ्या, घरातल्या मोठ्या माणसाने ‘नाही’ म्हटलं की बाकीचे गप बसतात.

प्रश्न : निदान झालं, डॉक्टरांनी कागदावर ‘ग्लुटेन फ्री डाएट’ लिहून दिलं आणि संपलं. मॉलमधे ग्लुटेन फ्री पिठाच्या पाकिटाचे भाव बघून डोळे फिरले. रोजचं नेमकं काय करायचं? मुलगा सहा वर्षांचा, चावायला त्रास आहे, भाकर तोंडात फिरवत बसतो आणि थुंकतो. — सक्करदरा

उत्तर : पाकिटं विसरा. आपल्या स्वैपाकघरात अर्ध्याहून जास्त गोष्टी मुळातच चालणाऱ्या आहेत. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, बेसन, शेंगदाणे, दूध, अंडी, मटण. म्हणजे झुणका चालतो, पातोडीचा रस्सा चालतो, गोळाभात-वडाभात चालतो, कण्या चालतात, धापोडे चालतात. चालत नाही ते : पोळी, रवा, मैदा, दलिया, शेवया, सरगुंडे, कुरडया (गव्हाच्या असतात, तांदळाच्या असल्या तर ठीक), रोडगे, पानगे, पाव, टोस्ट, कचोरी-समोसा. सातूचं पीठ नाही. सांबारवडी बाहेरची असेल तर नाही, वरच्या पारीत मैदा किंवा कणीक असते. घरी नुसत्या बेसनाची करता येते, जरा फुटते, फुटू द्या.

आता लपलेलं ग्लुटेन. पहिला नंबर हिंगाचा! डबीतला बांधानी हिंग म्हणजे बरंचसं पीठच असतं आणि बहुतेक कंपन्यांचं ते गव्हाचं असतं. डबी फिरवून मागचं बारीक वाचा, नाहीतर खडा हिंग आणा. दुधात टाकायच्या ताकदीच्या पावडरी, त्यात माल्ट असतं म्हणजे जव, काहींमधे गहू पण. सोया सॉस. ‘नाचणी बिस्किट’ म्हणून जे मिळतं त्यात मैदा पहिला लिहिलेला असतो आणि नाचणी कुठेतरी शेवटी. मल्टीग्रेन शब्द दिसला की पाकीट परत ठेवा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर एका किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, आणि गहू असेल तर अ‍ॅलर्जीच्या सूचनेत तसं लिहावं लागतं, त्यामुळे पाकिटावर वाचायची सवय लावून घ्या. ओट्स सध्या नको, ते स्वतः वेगळं धान्य आहे पण गव्हाच्या संगतीत भेसळ होऊन येतात.

आणि सगळ्यात मोठी गडबड चक्कीवर होते. तुम्ही इतवारीतून चांगली ज्वारी आणली, निवडली, आणि कोपऱ्यावरच्या चक्कीवर दिली, त्याने आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू काढला आणि तुमची ज्वारी ओतली. पहिला पसाभर जे पीठ पडतं त्यात गहूच असतो, आणि चक्कीच्या आत, पिशवीला, उडणाऱ्या पिठात पण. ‘आधी तांदूळ काढून मग आमचं काढा’ म्हटल्याने थोडं कमी होतं, संपत नाही. जमत असेल तर घरघंटी घ्या आणि त्यात गहू कधीच टाकायचा नाही, घरातल्या बाकीच्यांचा गहू बाहेरून दळून येऊ द्या. नाही जमलं तर थोडी थोडी ज्वारी, तांदूळ मिक्सरमधे फिरवून बारीक चाळणीने चाळा, भाकरीला जरा भरड होते पण धिरड्याला झकास. ज्वारी सुपात घेऊन निवडा मात्र, पोत्यात गव्हाचे दाणे असतातच, पांढऱ्या ज्वारीत लांबट तांबूस दाणा लगेच दिसतो.

वेगळं काय ठेवायचं : चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं, परात, आणि तवा शक्यतो वेगळा. लाकूड आणि चाळणी कितीही घासलं तरी साफ होत नाही. स्टीलची भांडी घासून चालतात. भाकर थापताना ‘तुटते’ म्हणून कणकेचा हात घ्यायची सवय कितीतरी घरी आहे, आजीला प्रेमाने सांगा. आणि त्याची भाकर आधी, बाकीच्यांच्या पोळ्या नंतर.

चावण्याचं. या मुलांचे तोंडाचे स्नायू सैल असतात, जीभ पुढे येते, आणि ज्वारीची भाकर गार झाली की चामट होते, तो थुंकणारच. गरम असताना चुरा, गरम दूध किंवा पातळ वरण टाकून झाकून ठेवा, हाताने मऊ कालवा. नाहीतर ज्वारीच्या पिठाचं पातळ उकडपेंड, ताकातल्या कण्या, मुगाचं धिरडं, तांदळाच्या उकडीची मऊ भाकर. स्पीच थेरपिस्टकडे जात असाल तर चावण्याचे व्यायाम त्यांनाच विचारा. नुसत्या भातावर ठेवू नका, बद्धकोष्ठता परत येईल आणि पुढे वजन भराभर वाढतं, डाउनमधे वजन वाढलं की उतरता उतरत नाही.

प्रश्न : माझी मोठी बहीण ३४ वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम. आई-बाबा नाहीत, आता माझ्याकडे असते. चार-सहा महिन्यांत वजन उतरलं, गप्प गप्प राहते, टीव्हीसमोर बसून असते, आधी पोळ्या लाटायची आता तेही करत नाही. लोक म्हणतात डाउनमधे लवकर विसरभोळेपणा येतो. या वयात सिलिअ‍ॅक निघू शकते का? — त्रिमूर्तीनगर

उत्तर : भाऊ, कोणत्याही वयात निघू शकतो. डाउनमधे अल्झायमर लवकर येतो हे खरं आहे, पण सहसा चाळिशीनंतर, आणि त्याच्याआधी बाकीच्या दुरुस्त होणाऱ्या गोष्टी बघून घ्यायच्या असतात. तिला दुखतंय हे ती सांगत नसेल, वागण्यातून सांगत असेल. टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, व्हिटॅमिन डी, शुगर, आणि टीटीजी आयजीए टोटल आयजीएसकट. कान आणि डोळे पण तपासा, ऐकू कमी येत असलं तरी माणूस गप्प होतं. आणि आई-बाबा गेल्याचं दुःख, तेही आहे, ती बोलत नाही म्हणून ते नाही असं नका समजू.

एंडोस्कोपीची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा : हृदयाचं काय झालं होतं, झोपेत घोरते किंवा श्वास अडकतो का, आणि मानेच्या वरच्या मणक्यांत सैलपणा आहे का. डाउनमधे हे तिन्ही सापडतात आणि भूल देताना मान कशी धरायची ते त्यावर ठरतं. निदान उशिरा झालं तर हाडांची घनता पण बघतात, कारण इतकी वर्षं कॅल्शियम नीट गेलेलं नसतं.

प्रश्न : मुलीची टेस्ट निगेटिव्ह आली. म्हणजे विषय संपला ना? आणि लहान भावाची करायची का? — धरमपेठ

उत्तर : संपला असं नाही. सिलिअ‍ॅक पुढे कधीही सुरू होऊ शकतो. तक्रार दिसली की परत करायची. एकदाच एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ची जनुकीय तपासणी केली आणि दोन्ही नसले, तर आजार होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, मग परत परत सुया टोचायला नको. ती पॉझिटिव्ह आली तर मात्र घाबरू नका, धडधाकट लोकांतही तीस-चाळीस टक्क्यांत ती जनुकं असतात आणि बहुतेकांना काही होत नाही. तक्रार नसलेल्या डाउनच्या मुलाची टेस्ट करावी का यावर डॉक्टरांमधे मतभेद आहेत : अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०२२ चं म्हणणं दर भेटीत लक्षणं विचारा आणि असतील तर तपासा, युरोपवाल्यांचा कल लक्षणं नसली तरी तपासायकडे. मला विचाराल तर मूल तीन वर्षांचं होईल त्या सुमारास एकदा करून टाकावी, थायरॉइडसाठी दरवर्षी रक्त घेताच ना, त्याच सुईत होते.

भावाची आत्ता गरज नाही. ज्यांच्या मुलाला सिलिअ‍ॅक निघालाय त्यांनी आई, बाप, भावंडं सगळ्यांची करायची, सख्ख्या नात्यात शंभरात सात-आठ जणांना निघतो.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, घरी सगळं पाळतो तरी टीटीजी उतरत नाही. स्पेशल स्कूलला जाते. कुठून जात असेल? — हुडकेश्वर रोड

उत्तर : ताई, शाळेत जाऊन एक दिवस बसा. दुसऱ्याचा डबा हा पहिला संशय, या मुली प्रेमळ असतात, वाटून खातात, आणि कोणी दिलं की नाही म्हणत नाहीत. वाढदिवसाचा केक दुसरा. पण तिसरी गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नाही : ऑक्युपेशनल थेरपीत बोटांच्या व्यायामासाठी कणकेचा गोळा मळायला देतात. बाजारातल्या मळून खेळायच्या रंगीत मऊ लगद्याच्या डब्यातही बऱ्याचदा गहूच असतो. मुलगी मळते, बोटं तोंडात घालते, झालं. टीचरना सांगून तांदळाच्या पिठाचा गोळा किंवा माती द्या, आणि नंतर साबणाने हात. सॅनिटायझरने ग्लुटेन जात नाही.

तिला समजावायला लांब लेक्चर उपयोगाचं नाही. चित्रं वापरा. पोळी, बिस्किट, केकच्या फोटोवर लाल फुली, भात, भाकर, केळ्यावर हिरवी खूण, फ्रीजवर एक आणि डब्याच्या झाकणाच्या आत एक. एक वाक्य पाठ करून घ्या, ‘मला चालत नाही, थँक यू’, आणि घरी नाटक करून सराव करा, बाबा बिस्किट देतात आणि ती म्हणते, मग टाळ्या. या मुलांना नेम लागला की ते आपल्यापेक्षा पक्के असतात. टीचरजवळ एका डब्यात राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की ठेवून द्या, दुसऱ्यांनी केक खाल्ला की तिला ते मिळेल. आणि टीटीजी उतरायला बऱ्याचदा वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, आकडा प्रत्येक वेळी थोडा तरी खाली येतोय का ते बघा.

प्रश्न : तर्री-पोहे चालतील का? पोरगं रविवारी ठेल्यापाशी थांबल्याशिवाय पुढे सरकत नाही. — वाचक, नाव-पत्ता नको

उत्तर : पोहे तांदळाचे, चालतात. तर्री चण्याची, पण मसाल्यात डबीतला हिंग असतो का ते विचारा. वरची शेव समोसे-कचोरी निघालेल्या कढईतच तळलेली असते, ती नको. पोहे हलवायचा झारा आणि समोसा उचलायचा झारा एकच दिसला तर तिथून पुढे चला. घरची तर्री डब्यात न्या, शेव घरची न्या, ठेल्यावाल्या भाऊंना ओळखीचं करून घ्या आणि नव्या घाणातले साधे पोहे त्याच्या स्वतःच्या प्लेटमधे मागा. बहुतेक जण देतात.